बारापट वेगाची नोंद

ऑक्टोबरातला सोमवार होता, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये सकाळपासून पावसाची रिपरिप चालली होती, आणि नीलांबरी रेगे तिला मनापासून कंटाळा येणारं एक काम उरकत बसली होती. बंद पडणाऱ्या स्टेशनांचे शेवटचे अहवाल लिहायचे होते. तिचं ऑफिस म्हणजे हार्ट्‌स डोंगरातल्या लहानसहान धरणांची देखभाल करणारा एक वासरफरबांड, म्हणजे जलसंघ. प्रत्येक धरणावर एक खोली, खोलीत एक कॉम्प्युटर, आणि संध्याकाळी सहा वाजता त्या कॉम्प्युटरने पाण्याची पातळी, पाऊस, दरवाज्यांची उघडझाप हे सगळं टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने ब्राउनश्वाइगला पाठवायचं, अशी पद्धत होती. वर्षानुवर्षं 'पुढच्या वर्षी येणार' असलेली ग्लासफासर, म्हणजे फायबरची तार, एकदाची आली होती आणि अडतीसपैकी सदतीस स्टेशनं नव्या जोडणीवर गेली होती. उरलं होतं एकच, एर्लेनबाख. नेमकं तेच सगळ्यात बदनाम होतं.

फोन वाजला.

"फ्राऊ रेगे, झाइडलर बोलतोय. एर्लेनबाख."

दहा वर्षं झाली तरी हा माणूस दर वेळी स्वतःची ओळख करून देई. हेर झाइडलर एर्लेनबाखच्या धरणाचा रखवालदार. धरणाला लागूनच ऑफिसच्या मालकीचं घर होतं, त्यात तो तीस वर्षं राहत होता, आणि पुढच्या महिन्यात निवृत्त होत होता.

"शनिवारी पुन्हा तुटलं," तो म्हणाला. "निम्मे आकडे पोचलेच नाहीत."

"पाहिलं मी," नीलांबरी म्हणाली. तिची नजर स्क्रीनवरून हललीही नाही. "कोणीतरी फोन उचलला असेल."

"उचलायला घरात कोणी नाही, फ्राऊ रेगे. गेर्डा एप्रिलमध्ये गेली."

नीलांबरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची बायको वारली तेव्हा सांत्वनाच्या कार्डावर तिने स्वतः सही केली होती. तिने दोनदा माफी मागितली. तो म्हणाला, माफीचं काही नाही, उन्हाळा कोरडा गेला म्हणून आजवर कळलं नाही, पण शनिवारी मोठा पाऊस झाला, घरात मी एकटा होतो आणि फोनपासून चार हात लांब बसलो होतो. मग तुटलं कसं, तेवढं सांगा. एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

आता हे 'कोणीतरी फोन उचलला असेल' काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, कारण ते वाक्य मूळचं नीलांबरीचंच होतं. एर्लेनबाखच्या स्टेशनाला आणि झाइडलरच्या घराला मिळून एकच टेलिफोन लाइन होती. मोडेम बोलत असताना घरातल्या कोणी रिसीव्हर उचलला तर मधेच जोडणी तुटणार, हे उघड होतं. आणि आकडे अर्धवट यायचे ते फक्त पावसाच्या दिवशी. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीत नवी असताना, नीलांबरीने मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत याचा उलगडा केला होता. पाऊस असला की माणसं घरात असतात, घरात असली की फोन करतात! सगळे हसले होते, माना डोलल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षीच्या अहवालात एर्लेनबाखच्या पुढे एकच शेरा पडत आला होता: वापरणाऱ्याची चूक. नऊ वर्षांचं खापर बिनबोभाट झाइडलरच्या डोक्यावर फुटत होतं.

आणि निवृत्तीनंतर त्याला त्याच घरात भाड्याने राहू द्यायचं की नाही, हे ठरवणारी समिती हेच अहवाल वाचणार होती. बेभरवशाच्या माणसाला धरणाच्या कडेला कशाला ठेवा, असं एक-दोघे आत्ताच बोलू लागले होते.

नीलांबरीने एर्लेनबाखची जुनी फाइल काढली. पहिलंच पान तिच्या हातचं होतं. नवा कॉम्प्युटर बसवल्यावर तिने लिहिलेला प्रोटोकोल: 'पूर्वीचा वेग ९६००. नवा वेग १,१५,२००. वेगात बारापट वाढ.' खाली तिची टपोरी सही. त्या बारापटीने तिचं भलं केलं होतं. सहा महिन्यांचा प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, संपत आला होता, व्हिसा नोकरीला टांगलेला होता, कुहू अंगणवाडीत जात होती. त्या प्रोटोकोलनंतर तिला कायमचं पत्र मिळालं. ऑफिसच्या बातमीपत्रात तिचा फोटोसुद्धा आला होता, मोडेमवर हात ठेवून उभी.

दुपारभर ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मोठ्या पावसाच्या दिवशी एर्लेनबाखची फाइल दोनशे किलोबाइटची होते. बारापट वेग खरा असेल तर ती अठरा सेकंदांत यायला हवी. तिने शनिवारची नोंद उघडली. स्टेशनचा कॉम्प्युटर म्हणत होता, अठरा सेकंदांत पाठवली. इकडचा ऑफिसचा कॉम्प्युटर म्हणत होता, तुकडे आले, मग एक मिनिट काहीच आलं नाही, बंद केलं. दोघांचं घड्याळ एकच होतं. दोन्ही नोंदी नऊ वर्षं शेजारी शेजारी पडून होत्या आणि त्या कोणी जोडून वाचल्या नव्हत्या, तिनेसुद्धा नाही.

आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, पण त्याने आनंद काही झाला नाही. जोडणी झाली की मोडेम एक आकडा सांगतो. नऊ वर्षांपूर्वी त्याने १,१५,२०० सांगितला आणि तिने तो आनंदाने उतरवून घेतला. पण मोडेमला वेगळी आज्ञा दिली नाही, तर तो टेलिफोनच्या तारेवरचा वेग सांगतच नाही. कॉम्प्युटरपासून मोडेमपर्यंतच्या दोन हात केबलमधला वेग सांगतो. तिने स्टेशनला जोडणी लावली, ती आज्ञा टाइप केली आणि पुन्हा विचारलं. उत्तर आलं, १४,४००.

म्हणजे दोन हात केबल बारापट पळत होती आणि पुढचे साठ किलोमीटर जवळजवळ पूर्वीसारखेच रांगत होते. बारापट कसली, जेमतेम दीडपट. तेवढंच असतं तरी चाललं असतं. मोडेम भरत आला की त्याने कॉम्प्युटरला 'थांब' म्हणायचं असतं, आणि ते म्हणता यावं म्हणून सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. जुन्या कॉम्प्युटरवर ती खूण नव्हती, कारण तो तारेपेक्षाही सावकाश होता, त्याला थांबवायची वेळच येत नसे. नीलांबरीने जुनी सेटिंग जशीच्या तशी उचलली, फक्त वेग बदलला. कोरड्या दिवशी फाइल एवढीशी असायची, ती मोडेमच्या पोटात मावायची. चाचणी झाली तो दिवस लख्ख उन्हाचा होता. पावसाच्या दिवशी जे मावलं नाही ते नऊ वर्षं सांडत राहिलं.

ती उठून फ्राऊ लोरेन्त्सकडे गेली. फ्राऊ लोरेन्त्स तिची वरिष्ठ, दिलाची चांगली पण निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तिने अर्धं ऐकलं आणि हात वर केला.

"आल्झो, असं बघा, फ्राऊ रेगे. मोडेम नोव्हेंबरात भंगारात जाणार. लिहा, 'यंत्रणा कालबाह्य', आणि फाइल बंद करा. कोणाचं नाव नको, कोणाला त्रास नको."

"पण आधीच्या नऊ अहवालांत त्यांचंच नाव आहे."

"ते झालं ते झालं. तुमचा तो प्रोटोकोल सगळ्यांना आठवतो. उगाच कशाला?"

रात्रीच्या जेवणाला तिने चारुदत्तला सांगितलं. नवरा वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. दमून आला होता, आमटी भुरकत त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"फ्लो कंट्रोल ऑफ?" तो म्हणाला. "अगं, ही तर फर्स्ट इयरची मिस्टेक."

"माहितेय."

"लोरेन्त्सबाई बरोबर बोलतायत. नीला, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस? पुढच्या वर्षी ग्रुप लीडरची पोस्ट निघतेय. कालबाह्य म्हण आणि सोड."

"आणि त्यांचं घर?"

चारुदत्तने पुन्हा आमटी वाढून घेतली. कुहूने मोबाइलमधून मान वर काढली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं.

"आई, डान झाग एस आइनफाख," ती म्हणाली. मग सांगून टाक ना सरळ. आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली. तेरा वर्षांच्या पोरीला सगळंच सरळ दिसतं, नीलांबरीच्या मनात आलं, आणि तिला तिचा थोडा रागही आला.

नोकरी काही जाणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. जाणार होतं ते नाक. पण परक्या मुलखात नाकावरच तर दहा वर्षं काढली होती. आपण इथल्यांपेक्षा दुप्पट चोख असलो तर कुठे बरोबरीने धरतात, हे घोकत तिने एकही दिवस ढिलाई केली नव्हती. आणि सगळ्याचा पाया निघाला तो हा असा. मंगळवारी तिने दुरुस्तीचा अहवाल लिहिला, चूक कोणाची हे नाव घालून लिहिलं, फ्राऊ लोरेन्त्सला आणि समितीला दोघांनाही पाठवून दिला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसता थकवा आला, आठवडाभर झोप न झाल्यासारखा.

सेटिंगमधली ती खूण दुरून करता येत नव्हती, स्टेशनवर जावंच लागणार होतं. चूक कोणाची ते फोनवरही सांगता आलं असतं झाइडलरला, पण ते तिच्या जिवावर आलं. बुधवारी दुपारी ती बाड हार्ट्‌सबुर्गपर्यंत ट्रेनने आणि पुढे बसने निघाली. पाऊस होताच. दरी सुरू झाली तसं मोबाइलचं नेटवर्क गेलं, ते गेलंच.

झाइडलर छत्री घेऊन बसथांब्यावर उभा होता. पूर्वीपेक्षा वाळला होता, पण कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. स्टेशनची खोली त्याच्या स्वयंपाकघराला लागून होती. कॉम्प्युटर, मोडेम, त्यावर एक फळी, फळीवर जाड पुठ्ठ्याच्या चार वह्या. आणि भिंतीवर, काचेच्या चौकटीत, नीलांबरीचा प्रोटोकोल. बारापट वाढ. तिने नजर काढून घेतली.

कॉफी न घेताच तिने सांगायला सुरुवात केली, नाहीतर धीर झाला नसता. कॉम्प्युटर मोडेमकडे फार वेगाने पाठवतो, मोडेम पुढे सावकाश पाठवतो, आणि त्याला 'थांब' म्हणायची सोय मी चालूच केली नव्हती. फ्राऊ लोरेन्त्सला हेच समजावताना पाऊण तास गेला होता. झाइडलरला अर्धं मिनिट पुरलं. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं?

"आत येणारं पाणी जास्त," तो म्हणाला, "बाहेर जाणारं कमी. आणि वर कळवायला माणूस नाही. मग काठावरून जाणारच."

"गेनाऊ, अगदी तसंच," ती म्हणाली. "चूक माझी होती. तुमची नव्हे. मी तसं लेखी दिलंय, समितीलाही. घराची अडचण आता येऊ नये."

घराचं त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो मोडेमकडे बघत होता.

"म्हणजे फोन कोणी उचलतच नव्हतं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एखाद्या वेळी उचललाही असेल, हेर झाइडलर. पण आकडे जायचे ते त्यामुळे नाही."

तो हळूच खुर्चीवर बसला. मग फळीवरची पहिली वही काढून त्याने तिच्यापुढे उघडली. ज्या ज्या दिवशी आकडे अर्धवट गेले, त्या दिवसाची तारीख, मग पातळी, पाऊस, सगळं हाताने उतरवलेलं. तेच आकडे तो दुसऱ्या दिवशी ऑफिसला फोनवरून वाचून दाखवी. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात प्रत्येक ओळीत एकच शेरा होता: 'गे. – फोन.'

"गे. म्हणजे गेर्डा," तो म्हणाला.

नीलांबरीचं बोट त्या रकान्यावरून खाली खाली सरकत गेलं.

"आमची मुलगी उटे कीलला असते. नर्स आहे. सहाला ड्यूटी संपली की आईला फोन करायची, रोज. तुम्ही सांगितलंत कोणीतरी उचलतं, तेव्हा मी ते बंद केलं. सहा ते सात फोनला हात लावायचा नाही. सातनंतर उटेची लहान मुलं, त्यांचं जेवण. मग फोन रविवारवर गेला. मग महिन्यावर." तो वहीचं पान गुळगुळीत करत होता. "तरी तुटायचंच. मी गेर्डाला म्हणायचो, तू चोरून करतेस. ती म्हणायची, मी हात लावला नाही. मी तिला हे दाखवायचो." त्याने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "म्हणायचो, फ्राऊ रेगेने मोजलंय, शिकलेली बाई आहे, सही आहे तिची. यंत्र खोटं सांगत नाही, मग कोण सांगतं?"

"हेर झाइडलर..."

"दर वेळी म्हणायची, मी नाही. दोनतीन वर्षं म्हणाली. मग म्हणायची थांबली. मला वाटलं, कबूल केलं."

नीलांबरीला रडू येत होतं आणि ते दाबून धरण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं. येताना तिने फक्त आपल्या नाकाचा हिशोब केला होता. खरं सांगून आपलं जाईल ते जाईल, या म्हाताऱ्याचं तर भलंच होईल, या भरवशावर ती आली होती. त्याचंही या खऱ्यापायी काही जाणार आहे, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सहाला पाच मिनिटं होती. काहीतरी करायचं म्हणून तिने सेटिंग उघडली, खूण केली, जतन केलं. एवढंच काम होतं. सहा वाजता मोडेमने नंबर फिरवला, किरकिरला, घरघरला आणि जोडला गेला. दोघं ऐकत राहिली. हिरवा दिवा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा लुकलुकायचा. दोन मिनिटं एकोणीस सेकंद लागली. ब्राउनश्वाइगचं उत्तर स्क्रीनवर आलं: पूर्ण. नऊ वर्षांत पावसाच्या दिवशी हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा दिसत होता.

झाइडलर उठला. खणातून त्याने लाकडी पट्टी आणि दोन पेनं काढली.

"या नोंदी चुकीच्या आहेत," तो म्हणाला. "दुरुस्त करायला हव्यात."

नीलांबरीला पट्टी ओळखू आली. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिने इथेच एका नोंदीवर पांढरी शाई फासली होती, तेव्हा ह्याच माणसाने तिला ही पद्धत शिकवली होती. खोडायचं नाही, झाकायचं नाही. पट्टी ठेवून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, तारीख घालायची, सही करायची.

"रेघ मी मारतो," तो म्हणाला. "शेरा माझा आहे. खरं कारण तुम्ही लिहा."

"सगळ्या ओळी?"

"सगळ्या."

"किती असतील?"

"दोनशे चौऱ्याण्णव. मोजलेत मी."

शेवटची बस सात दहाला होती. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पेन हातात घेतलं. तो तारीख मोठ्याने वाचायचा, पट्टी लावायचा, 'गे. – फोन' वर रेघ मारायचा आणि वही तिच्याकडे सरकवायचा. ती लिहायची, 'सेटिंग चुकीची. रेगे.' खाली तारीख, खाली सही. दुसऱ्या पानापर्यंत तिचा हात दुखू लागला.

तिसऱ्या पानावर झाइडलरची पट्टी अडखळली. शेऱ्याच्या रकान्याबाहेर, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं: नाइन. नाही. पुढच्या ओळीलाही होतं, नाइन. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या वहीच्या निम्म्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे तो एवढासा शब्द होता, मग एकाआड एक, मग क्वचित, आणि नंतरचा समास कोरा.

"तिचं अक्षर," झाइडलर म्हणाला. "पाहिलं होतं मी. खोडायचं नसतं, म्हणून ठेवलं."

तो परत तिसऱ्या पानावर आला. गेर्डाच्या शब्दावर त्याने रेघ मारली नाही. पट्टी खाली ठेवली, चष्मा पुसला, आणि त्या पेन्सिलीच्या अक्षरांशेजारी, तेवढ्याच लहान अक्षरात, शाईने लिहिलं: बरोबर. आजची तारीख घातली आणि सही केली.

मग पट्टी पुढच्या ओळीवर ठेवून त्याने तारीख वाचली.